पेशी आपला माल नेमका केव्हा सोडते? कॅल्शियमच्या इशाऱ्याविषयी

अनुरेणु

इन्शुलिन रक्तात उतरतं, मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलिन सुटतं, ॲलर्जीत मास्ट पेशी हिस्टामिन ओतते, फलन झालेलं अंडं दुसऱ्या शुक्राणूला मज्जाव करतं. कामं वेगळी, पेशीही वेगळ्या. पण या प्रत्येक ठिकाणी शेवटची कळ एकच दाबली जाते: पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं आणि व्हेसिकल नावाच्या इवल्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेला माल बाहेर पडतो.

पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं. ‘कॅल्शियम आयन आत येतात व व्हेसिकल रिकाम्या होतात.’ मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, आणि या विषयातली सगळ्यात सुंदर गोष्ट त्या एका ओळीखाली गाडली जाते असं मला फार वाटतं. म्हणून हा धागा.

आधी परिस्थिती पाहू. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम साधारण १ ते २ मिलिमोलर. पेशीच्या आत, ती निवांत असताना, साधारण १०० नॅनोमोलर. म्हणजे बाहेर दहा हजार पटींहून जास्त. हा फरक आपोआप टिकत नाही. पेशीआवरणातला पंप एक आयन बाहेर टाकायला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्च करतो. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरचा पंप एका एटीपीत दोन आयन आतल्या कोठारात ढकलतो. सोडियम आत घेऊन कॅल्शियम बाहेर काढणारी यंत्रणा आणखी वेगळी. एवढा खटाटोप का? एक कारण रासायनिक आहे. पेशीचा सगळा कारभार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शियमची फॉस्फेटशी गाठ पडली की न विरघळणारा साका तयार होतो. कॅल्शियम आत साचू देणं पेशीला परवडणारंच नाही. पण एकदा आत इतकं कमी ठेवलं, की जरासं आत शिरलं तरी ते ठळकपणे कळतं. इशारा म्हणून कॅल्शियम कामी येतं ते यामुळे.

एक ढोबळ हिशोब करून पाहा. मेंदूतल्या सिनॅप्सचं, म्हणजे दोन मज्जापेशींच्या जोडाचं, एक टोक साधारण १ मायक्रोमीटर व्यासाचं, आकारमान अर्ध्या फेम्टोलिटरच्या आसपास. १०० नॅनोमोलरने त्यात मुक्त कॅल्शियमचे आयन जेमतेम ३० भरतात. आता कॅल्शियमचं एकच चॅनेल उघडलं आणि त्यातून ०.१ पिकोअँपिअर इतका प्रवाह गेला, तर एका मिलिसेकंदात ३०० आयन आत येतात! अख्ख्या टोकात जेवढे मोकळे आयन होते त्याच्या दहापट, एका दारातून, एका मिलिसेकंदात.

आत आलेले हे आयन फार लांब जाऊ शकत नाहीत. वाटेतली प्रथिनं त्यांना लगेच धरून ठेवतात. त्यामुळे चॅनेलच्या तोंडाशी, वीस-पन्नास नॅनोमीटरच्या परिघात, क्षणभर कॅल्शियम दहा-शंभर मायक्रोमोलरपर्यंत चढतं. तिथून थोडं लांब गेलं तर जवळपास काहीच नाही. चॅनेल बंद होताच तो ढीग एका मिलिसेकंदाच्या आत विरून जातो. आणि ज्या व्हेसिकल सुटायच्या असतात, त्या नेमक्या याच परिघात आधीपासून टेकून बसलेल्या असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या सगळ्या प्रकरणात ‘किती कॅल्शियम’ हा प्रश्न दुय्यम आहे. ते कुठे आलं आणि किती वेळ राहिलं, यावर सगळं ठरतं.

आता यंत्रणा. सिनॅप्समधली व्हेसिकल साधारण ४० नॅनोमीटरची, आत काही हजार रेणू भरलेले. तिच्या अंगावर सिनॅप्टोब्रेव्हिन नावाचं प्रथिन. समोर पेशीआवरणावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५. या तिघांचे धागे, बॅगेची चेन लागत जावी तसे, एका टोकाकडून एकमेकांत गुंफले जातात आणि दोन्ही आवरणं जवळ ओढली जातात. या त्रिकुटाला स्नेअर म्हणतात. मात्र गुंफण पूर्ण व्हायच्या जरा आधी थांबवलेली असते. तिथे येते सिनॅप्टोटॅग्मिन. व्हेसिकलवर बसलेल्या या प्रथिनाला दोन डोकी असतात. एक ३ कॅल्शियम आयन धरतं, दुसरं २. कॅल्शियम चिकटताच त्या डोक्यांची टोकं पेशीआवरणाच्या स्निग्ध थरात घुसतात, अडवलेली गुंफण पुरी होते आणि दोन आवरणांचं एक होतं. व्हेसिकल ‘फुटत’ नाही. तिची भिंत पेशीच्या भिंतीत मिसळून जाते. कॅल्शियम आत शिरल्यापासून माल सुटेपर्यंत वेगवान सिनॅप्समध्ये ०.२ मिलिसेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ लागतो.

या वाटचालीसाठी जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस सुडॉफ यांना २०१३ चं नोबेल मिळालं. प्रश्न, शंका, अनुभव सगळ्यांचं स्वागत आहे.

निशिगंध

धाग्याबद्दल मनापासून आभार. ३० आयनांचा हिशोब दोनदा वाचला. माझी विज्ञानाची बाजू बेताची आहे, तरी विचारते. कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या तर मज्जातंतूंचे इशारे चांगले चालतील का? अशा अर्थाचे दावे सतत वाचनात येतात.

अनुरेणु

निशिगंध, नाही. रक्तातलं एकूण कॅल्शियम शरीर ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास घट्ट धरून ठेवतं. त्यातलं निम्मं मुक्त असतं, उरलेलं मुख्यतः अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटलेलं. कमी पडलं तर पॅराथायरॉइड संप्रेरक हाडांतून काढून आणतं. म्हणून निरोगी माणसाने गोळी घेतली तरी मज्जातंतूच्या टोकाबाहेरचं कॅल्शियम फारसं हलत नाही. आणि टोकाच्या आत काय होतं, ते चॅनेल ठरवतं. गोळीचा उपयोग हाडांसाठी किंवा खरी कमतरता असेल तेव्हा. तेही डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच घ्यावी.

तळटीप

मी वैद्यक क्षेत्रात आहे. अनुरेणु यांचा लेख आवडला. पण इथे एक कोडं आहे आणि ते शिकाऊ डॉक्टरांना हमखास चकवतं.

रक्तातलं मुक्त कॅल्शियम घटलं तर लेखाप्रमाणे मज्जातंतूच्या टोकाशी कमी माल सुटायला हवा आणि स्नायू ढिले पडायला हवेत. प्रत्यक्षात रुग्ण येतो तो उलट लक्षणं घेऊन. ओठांभोवती मुंग्या, बोटांत पेटके, दंडावर रक्तदाबाचा पट्टा काही मिनिटं फुगवून ठेवला तर हात मनगटाशी आपोआप वळतो. असं का?

कारण कॅल्शियमचं बाहेरही एक काम आहे. पेशीआवरणाच्या बाहेरच्या बाजूला ऋण भार असतात आणि कॅल्शियम ते झाकून ठेवतं. ते कमी झालं की सोडियमची चॅनेल जरा जास्तच हळवी होतात, थोड्याशा धक्क्यानेही उघडतात, आणि मज्जातंतू स्वतःहून धडधडायला लागतो. माल सुटणं थोडं घटतं हे खरं. पण मज्जातंतू-स्नायू जोडावर गरजेपेक्षा बराच जास्त माल सुटत असतो, त्यामुळे ती घट जाणवत नाही. जाणवतो तो धडधडाट. घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या माणसाला मुंग्या येतात त्यामागेही हेच. रक्त अल्कधर्मी होतं, अल्ब्युमिन जास्त कॅल्शियम धरून ठेवतं, मुक्त कॅल्शियम घटतं. एकूण कॅल्शियमची तपासणी मात्र अगदी नॉर्मल येते.

अनुरेणु

तळटीप, हे लेखात घ्यायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. एकच आयन, भिंतीच्या बाहेर त्याचं काम शांत ठेवण्याचं आणि आत पेटवण्याचं.

प्रयोगवही

वा, या विषयावर मराठीत धागा पाहून फार आनंद झाला. इतिहासाची भर घालतो, कारण यातले प्रयोग मला आजही थक्क करतात.

सिडनी रिंगर यांनी १८८३ मध्ये दाखवलं की बेडकाचं हृदय धडधडत ठेवायला कॅल्शियम लागतं. नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात ते चालू राहायचं, ऊर्ध्वपातित पाण्यात बंद पडायचं. ते आकुंचनाचं झालं. १८९४ मध्ये फ्रँक लॉक यांच्या लक्षात आलं की मज्जातंतूकडून स्नायूकडे निरोप जायलाही कॅल्शियम हवं. मग बर्नार्ड कॅट्झ आले.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल फॅट आणि कॅट्झ यांनी बेडकाच्या मज्जातंतू-स्नायू जोडात बारीक काचेचा इलेक्ट्रोड घातला. तंतूला हातही लावलेला नसताना अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे छोटे ठोके अधूनमधून आपोआप उमटताना त्यांना दिसले. पुढे होसे देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी बाहेरचं कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलं आणि तंतूला धक्के दिले. उत्तर कधी शून्य, कधी एका ठोक्याएवढं, कधी दोन, कधी तीन. मधलं काही नाही. कॅल्शियम घटवल्याने ठोक्याचा आकार बदलला नाही, फक्त किती ठोके एकदम पडतील ते बदललं. माल सुटा मिळत नाही, पुडीनेच मिळतो, हे १९५४ मध्ये असं विजेच्या रेघांवरून कळलं. पुड्या म्हणजे व्हेसिकल, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने सांगितलं.

पण माझा सगळ्यात आवडता प्रयोग कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांचा, १९६७ चा. त्यांनी स्नायूभोवतीचं द्रावण कॅल्शियमविना ठेवलं. जोडाशी एक सूक्ष्म नळी टेकवली, तिच्यातून कॅल्शियमची बारीकशी पिचकारी सोडायची. दुसऱ्या इलेक्ट्रोडने टोकाला विजेचा धक्का द्यायचा. पिचकारी धक्क्याच्या किंचित आधी आली तर माल सुटतो. धक्क्यानंतर आली, तर माल सुटायची वेळ अजून उलटलेली नसली तरी काहीच होत नाही. म्हणजे कॅल्शियम हजर हवं ते दार उघडं असतानाच. दार बंद झाल्यावर ते बाहेर कितीही असलं तरी व्यर्थ. त्या काळी कॅल्शियमची चॅनेल कुणी वेगळी काढलेली नव्हती, सिनॅप्टोटॅग्मिनचं नावही नव्हतं. एवढ्या साध्या सामग्रीत केवळ क्रम बदलून त्यांनी हे काढलं.

त्याच सुमारास स्क्विडच्या महाकाय सिनॅप्सवर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. टोकाला फार मोठा धन व्होल्टेज दिला की धक्का चालू असेपर्यंत माल सुटत नाही, तो काढून घेतल्यावर सुटतो. आत इतका धन भार असताना धन भाराचं कॅल्शियम शिरणार कसं? व्होल्टेज उतरला की दार मिटायच्या आत ते घुसतं. १९७३ मध्ये मिलेदींनी थेट टोकाच्या आत कॅल्शियम टोचून माल सुटतो हे दाखवलं आणि वाद संपला.

कुतूहल

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अनुरेणु ताई, आमच्या पुस्तकात लिहिलंय की माल सुटण्याचं प्रमाण कॅल्शियमच्या चौथ्या घाताशी जुळतं. पाठ केलं, पण समजलं नाही. चौथाच घात का?

अनुरेणु

कुतूहल, छान विचारलंस. हे डॉज आणि रहामिमॉफ यांनी १९६७ मध्ये बेडकाच्या जोडावर मोजलं. कमी कॅल्शियमच्या पट्ट्यात बाहेरचं कॅल्शियम निम्मं केलं की माल निम्मा होत नाही, जवळजवळ सोळावा हिस्सा होतो. याचा सरळ अर्थ असा की एक व्हेसिकल सुटायला एकाच वेळी चारेक आयन जागेवर बसलेले लागतात. एक-दोन बसून भागत नाही. पुढे सिनॅप्टोटॅग्मिनची रचना कळली आणि पाच जागा दिसल्या, तेव्हा या आकड्याला अंग मिळालं. नेमका आकडा सिनॅप्सगणिक थोडा बदलतो.

पण याचा फायदा काय, ते बघ. निवांत पेशीत कॅल्शियम थोडं वरखाली होतच असतं. चौथ्या घातामुळे त्या किरकोळ चढउताराने जवळपास काही सुटत नाही. आणि चॅनेलच्या तोंडाशी कॅल्शियम शंभरपट चढलं, की सुटण्याचा वेग त्याच्या कितीतरी पटींनी उसळतो. एक-दोन आयनांवर काम भागलं असतं तर मज्जातंतू सतत गळत राहिला असता.

प्रयोगवही

अनुरेणु यांच्या ‘कुठे’ला एक पुरावा. ईजीटीए आणि बाप्टा ही कॅल्शियम पकडणारी दोन रसायनं. पकड जवळजवळ सारखी, पण बाप्टा कितीतरी पट चपळ. बाप्टा रॉजर त्सिएन यांनी १९८० मध्ये तयार केलं. स्क्विडच्या टोकात ईजीटीए भरलं तरी माल सुटत राहतो, बाप्टा भरलं की थांबतो. दोन्ही रसायनं टोकातलं एकूण मुक्त कॅल्शियम सारखंच आवरतात. फरक एवढाच की ईजीटीए पोचेपर्यंत कॅल्शियमने आपलं काम उरकलेलं असतं. म्हणजे चॅनेलपासून सिनॅप्टोटॅग्मिनपर्यंतचं अंतर किती थोडं असेल, विचार करा.

मी स्वतः ॲड्रिनल ग्रंथीच्या क्रोमाफिन पेशींवर काम करतो, तिथे चित्र वेगळं दिसतं. पेशीला काचेची पिपेट लावून आवरणाची विद्युतधारिता मोजायची. प्रत्येक पिशवी मिसळली की पेशीचं आवरण तेवढं वाढतं आणि रेघ एखाददुसऱ्या फेम्टोफॅरडने वर चढते. एर्विन नेहर आणि अलँ मार्टी यांनी १९८२ मध्ये ही पद्धत आणली. पेशीजवळ कार्बनचा तंतू ठेवला तर ॲड्रिनॅलिन त्याच्यावर ऑक्सिडाइज होतं आणि दर पिशवीमागे विजेचा एक टोकदार सुळका उमटतो. नीट पाहिलं तर कित्येक सुळक्यांच्या आधी एक छोटी पायरी दिसते. पिशवीचं तोंड आधी अगदी चिंचोळं उघडतं, थोडा माल झिरपतो, मग ते फाकतं आणि उरलेला एकदम येतो. पडद्यावर ती पायरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी बराच वेळ दुसरं काही केलं नाही.

या पेशींत पिशव्या चॅनेलला सिनॅप्सइतक्या चिकटून नसतात. त्यामुळे धक्क्यानंतर माल दहा-दहा मिलिसेकंदांनी, कधी त्याहून उशिरा सुटतो. ॲड्रिनॅलिनला रक्तातून सगळीकडे जायचं असतं. त्याला ०.२ मिलिसेकंदाची निकड नाही.

प्रसूतिकक्ष

बरीच वर्षं प्रसूतिकक्षात नर्स म्हणून काम केलं आहे. प्रयोगवहींनी मॅग्नेशियमचा उल्लेख केला म्हणून लिहिते.

गरोदरपणात रक्तदाब फार वाढून आकडी येण्याचा धोका असेल तर आम्ही शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतो. २००२ च्या मॅगपाय या मोठ्या चाचणीत त्याने आकडीचा धोका निम्म्याहून कमी केल्याचं दिसलं. पण औषध चालू असताना सारखं गुडघ्यावर हातोडी मारून बघायचं असतं. पाय उडाला पाहिजे. श्वास मोजायचे, लघवी किती होते ती मोजायची, कारण मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटेच बाहेर जातं. एकदा एका बाईंची लघवी कमी झाली होती. रात्री हातोडी मारली, पाय हललाच नाही. दुसऱ्या पायालाही तेच. बाई जाग्या होत्या, बोलत होत्या, फक्त पापण्या जड झाल्यासारख्या वाटत होत्या. औषध थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं. ट्रॉलीवर कॅल्शियम ग्लुकोनेट तयार ठेवलेलंच असतं. ते हळूहळू शिरेतून दिलं. थोड्या वेळाने गुडघ्याने उत्तर दिलं.

आम्हाला शिकवलं होतं की आधी गुडघा जातो, मग श्वास. आणि उतारा कॅल्शियम. का, ते आज या धाग्यावर नीट कळलं. मॅग्नेशियम दारातच कॅल्शियमला अडवतं, टोकाशी माल सुटत नाही, स्नायूपर्यंत निरोप जात नाही. बरोबर ना?

तळटीप

अगदी बरोबर, सिस्टर. आकडी रोखण्याचं काम मॅग्नेशियम मुख्यतः मेंदू आणि तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पातळीवर करतं असं मानतात. पण गुडघा जाणं आणि श्वास मंदावणं हे तुम्ही म्हणता त्या वाटेनेच. तुमची ती हातोडी म्हणजे सिनॅप्सवर कॅल्शियम पोचतंय की नाही, याची खाटेशेजारची तपासणी आहे. जेंटामायसिनच्या जातीची प्रतिजैविकंही याच दाराशी अडथळा आणतात, म्हणून मायस्थेनियाच्या, म्हणजे स्नायू लवकर थकणाऱ्या आजाराच्या, रुग्णांत ती टाळतात.

लॅम्बर्ट-ईटन नावाचा आजारही इथेच बसतो. शरीर स्वतःच मज्जातंतूच्या टोकावरच्या कॅल्शियम चॅनेलविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, पुष्कळदा फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगासोबत. चॅनेल कमी, म्हणून माल कमी, म्हणून अशक्तपणा. गंमत तपासणीत दिसते. रुग्णाला दहा-पंधरा सेकंद पूर्ण जोराने मूठ आवळायला लावली की त्यानंतर थोडा वेळ स्नायूची ताकद वाढते. लागोपाठच्या इशाऱ्यांनी आत आलेलं थोडं थोडं कॅल्शियम उपसायच्या आत साचत जातं आणि पुढच्या इशाऱ्याला मदत करतं. उपचारातलं ॲमिफँप्रिडीन पोटॅशियमची चॅनेल अडवतं. इशारा लांबतो, दार जास्त वेळ उघडं राहतं, कॅल्शियम जास्त शिरतं. तुमचा ‘किती वेळ’ हा मुद्दा, अनुरेणु, इथे औषध बनून येतो.

रानवारा

चर्चा उत्तम चालली आहे, पण मला जरा विरोधी सूर लावायचा आहे. कॅल्शियमला फारच मोठा मान दिला जातोय. सिनॅप्सला तीव्र साखरेचं द्रावण दिलं की कॅल्शियमविनाही माल सुटतो. ब्लॅक विडो कोळ्याचं विष बाहेर कॅल्शियम नसतानाही मज्जातंतूंची टोकं रिती करू शकतं. यकृताच्या पेशी अल्ब्युमिन सोडतात, फायब्रोब्लास्ट कोलॅजेन सोडतात, त्यांना कुठे इशारा लागतो? आणि पॅराथायरॉइड तर उलटंच वागते. मग कॅल्शियम सोडायला लावतं, हे विधान कितपत धरायचं?

अनुरेणु

रानवारा, मुद्दे सगळे खरे आहेत. एकेक घेते.

अल्ब्युमिन आणि कोलॅजेन हा अखंड चालणारा मार्ग. तयार झालं की पाठवलं, साठवण नाही, त्यामुळे इशारा लागत नाही. स्नेअर तिथेही आहेत. म्हणजे दोन आवरणं जुळवायची ताकद स्नेअरची आहे, कॅल्शियमची नाही. साखरेच्या द्रावणाने तयार बसलेल्या व्हेसिकल मिसळतात, तेही यामुळेच. ताकद आधीच भरलेली असते.

मग कॅल्शियम काय देतं? वेळ. १९९४ मध्ये सुडॉफ यांच्या गटाने सिनॅप्टोटॅग्मिन-१ नसलेले उंदीर तयार केले. ती पिल्लं जन्मल्यानंतर दोन दिवसांत मरत. त्यांच्या मेंदूपेशींत व्हेसिकल होत्या, साखरेच्या द्रावणाने त्या सुटतही होत्या. पण इशाऱ्यासरशी होणारं झटपट सुटणं गेलेलं होतं. उरलं होतं ते मागाहून, विस्कळीत, थेंबथेंब. पुढे २००१ मध्ये त्यांनी प्रथिन काढून न टाकता त्यातलं एकच अमिनो आम्ल बदललं, ज्याने त्याची कॅल्शियमवरची पकड साधारण निम्मी झाली. माल सुटण्याची शक्यताही त्याच प्रमाणात घटली. हा पुरावा मला सगळ्यात भक्कम वाटतो. प्रथिन गायब केलं की शंभर गोष्टी बिघडू शकतात, पण फक्त पकड ढिली केल्यावर तेवढाच परिणाम दिसला तर संशयाला जागा उरत नाही.

बोटॉक्सनेही हेच दिसतं. बोट्युलिनमचं ए विष स्नॅप-२५ च्या शेपटाचा ९ अमिनो आम्लांचा तुकडा कापून टाकतं. कॅल्शियम नेहमीसारखं आत येतं, पण चेन शेवटपर्यंत नीट लागत नाही. धनुर्वाताचं विष सिनॅप्टोब्रेव्हिन कापतं.

पॅराथायरॉइडबद्दल मात्र तुम्ही पूर्ण बरोबर आहात. रक्तात कॅल्शियम वाढलं की तिच्या पेशींवरचा ग्राही, जो १९९३ मध्ये सापडला, ते ओळखतो. पेशीच्या आतही कॅल्शियम वाढतं, आणि संप्रेरक सुटणं कमी होतं. मूत्रपिंडात रेनिन सोडणाऱ्या पेशीही अशाच. रक्तातलं कॅल्शियम सांभाळणं हेच जिचं काम, त्या ग्रंथीत साखळी उलटी बसवलेली असणं मला रास्त वाटतं. पण अपवाद तो अपवाद, तो झाकू नये.

निशिगंध

माझ्या घरात मधुमेह आहे, म्हणून विचारते. इन्शुलिनचं काय?

तळटीप

तिथे साखळी जरा लांब आहे पण समजायला सोपी. ग्लुकोज बीटा पेशीत शिरतं, जळतं, एटीपी वाढतो. एटीपीमुळे पोटॅशियमचं एक चॅनेल बंद होतं, पेशीचा व्होल्टेज चढतो, कॅल्शियमची दारं उघडतात आणि इन्शुलिनच्या पिशव्या मिसळतात. एका बीटा पेशीत अशा साधारण दहा हजार पिशव्या असतात, पण दाराशी तयार बसलेल्या थोड्याच. म्हणून ग्लुकोज एकदम वाढलं की पहिली दहा मिनिटं इन्शुलिनचा जोरदार लोंढा येतो आणि मग मंद, लांबणारा दुसरा टप्पा. टाइप २ मधुमेहात हा पहिला लोंढा लवकर हरवतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड वगैरे गोळ्या ते पोटॅशियमचं चॅनेल थेट बंद करतात. ग्लुकोज कमी असतानाही कॅल्शियम शिरतं, म्हणून त्यांनी साखर फार खाली जाऊ शकते. हे लक्षात ठेवा.

एक हकिगत मला फार आशादायक वाटते. जन्मानंतर पहिल्या सहा महिन्यांत मधुमेह होणाऱ्या काही बाळांत याच चॅनेलच्या जनुकात बिघाड असतो, हे २००४ मध्ये कळलं. त्यांचं चॅनेल एटीपीला दाद देत नाही, उघडंच राहतं. पेशीत इन्शुलिन आहे, पण कॅल्शियमचं दार कधी उघडतच नाही. अशा अनेक मुलांची इन्शुलिनची इंजेक्शनं बंद होऊन ती या गोळ्यांवर आली. इतक्या लहान वयात मधुमेह दिसला तर जनुकीय तपासणी करून घ्यावी, ती यासाठीच.

कुतूहल

मास्ट पेशीला तर वीज नाही ना? मग तिथे दार उघडतं कोण?

प्रयोगवही

तिथे कॅल्शियम आधी आतल्या कोठारातून येतं. आयजीई प्रतिपिंडांवर ॲलर्जीचा कण अडकला की आत आयपी-३ हा छोटा रेणू तयार होतो आणि तो एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमचं कॅल्शियम मोकळं करतो. हे काम आयपी-३ करतो, ते १९८३ मध्ये स्वादुपिंडाच्या पेशींवर दिसलं. कोठार रितं झालं की स्टिम नावाचं प्रथिन ते ओळखतं आणि बाहेरच्या भिंतीवरचं ओराय चॅनेल उघडतं, मग बाहेरून भर पडते. अंड्यातही कोठारच. शुक्राणू जिथे शिरला तिथून कॅल्शियमची लाट अंडभर पसरते आणि ती जिथे जिथे पोचते तिथल्या पिशव्या सुटून बाहेरचं कवच बदलतात. मेडाका माशाच्या अंड्यात कॅल्शियम लागताच उजळणारं जेलीफिशचं एक्वोरिन हे प्रथिन भरून १९७७ च्या सुमारास ही लाट प्रकाशाच्या रूपात पाहिली गेली.

प्रसूतिकक्ष

आणखी एक विचारू? स्नायू इतके ताणले जातात, पेशीला चीर पडत असेल ना? तेव्हा बाहेरचं सगळं कॅल्शियम एकदम आत येईल. मग माल सुटतच राहील का?

अनुरेणु

सिस्टर, पेशी नेमका याचाच उपयोग करून घेते. चिरेतून कॅल्शियम घुसतं, तिथेच सगळ्यात जास्त असतं, आणि चिरेजवळच्या लायसोसोमसारख्या पिशव्या भराभर पेशीआवरणात मिसळतात. त्यांच्या भिंतीचा तुकडा चिरेला ठिगळ म्हणून उपयोगी पडतो. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात पेशीला चीर पाडली तर ती बुजत नाही, पेशी मरते. स्नायूंमध्ये या कामात डिस्फर्लिन नावाचं प्रथिन लागतं. सिनॅप्टोटॅग्मिनवर आहेत त्याच जातीची, कॅल्शियम धरणारी डोकी त्याच्यावरही असतात, आणि बरीच. ते जन्मतः सदोष असेल तर रोजच्या हालचालीत पडणाऱ्या चिरा नीट बुजत नाहीत. मूल लहानपणी धडधाकट असतं, बहुधा किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात पोटऱ्या किंवा मांड्या बारीक होऊ लागतात.